तसबीभर वीज

जुणसला कंजूष म्हणणं म्हणजे समुद्राला ओलसर म्हणण्यासारखं होतं. पैशांच्या बाबतीत तो तसा उधळ्याच. त्याची सगळी चिक्कूगिरी विजेपुरती होती. भुजच्या आयटीआयमधून तो पत्त्यांच्या कॅटाएवढे दोन कॉम्प्युटर घेऊन आला, तेव्हा खारवांढातल्या चाळीस घरांनी ते एकदा हातात घेऊन बघितले आणि परत दिले. पडदा नाही, बटणं नाहीत, गाणी नाहीत. ह्याला कॉम्प्युटर म्हणायचं तर माझ्या शेळीला घोडा म्हणायला हरकत नाही, असं त्याची आई हुरबाई म्हणाली.

पण ते का आणलेत हे कळल्यावर तिची थट्टा थांबली. सात वर्षांपूर्वी जुणसचा बाप मासेमारीला गेला आणि त्याची होडी परतलीच नाही. तीन महिने घर किनाऱ्यावर बसून होतं. कुठे आहे, आहे की नाही, काहीच कळलं नव्हतं. ते न कळणं जुणसच्या मनात काट्यासारखं राहिलं होतं. म्हणून एक बोर्ड त्याने घट्ट झाकणाच्या डब्यात बसवला, तो होडीच्या डोलकाठीवर बांधायचा. दुसरा घरात, छपरावर एरियल उभारून. होडीवरचा डबा रोज संध्याकाळी एकदा जागा होणार, आपण कुठे आहोत ते उपग्रहांना विचारणार, ते रेडिओवरून घराला कळवणार आणि पुन्हा दिवसभर झोपणार. डब्यापासून तारेने खाली हाताशी आणलेलं एक बटण होतं. माणसाने रोज ते एकदा दाबायचं, की आकडा एकाने वाढतो. आकडा वाढला म्हणजे माणूस जिवंत.

आता हे सगळं एका छोट्या बॅटरीवर चाळीस दिवस चालवायचं तर विजेचा थेंब न् थेंब वाचवायला हवा. जुणस आणि त्याची थोरली बहीण शेरबानू दोन महिने त्याच्या मागे लागली होती. शेरबानू बालवाडीत शिकवायची आणि हातात पकड घेऊन भावाशेजारी बसायची. पडद्याची तार लावायची खाच त्यांनी बंद केली. वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, लुकलुकणारे दिवे बंद. प्रत्येक वेळी जुणस मीटर लावून बघायचा आणि आकडा उतरला की मांडीवर थाप मारायचा. बोर्डाला मेंदू चार. त्यातले तीन त्याने झोपवले.

“एका मेंदूत भागेल?” शेरबानूने विचारलं.

“अदी, आपल्या सरपंचाचं भागतंय ना,” तो म्हणाला.

शेवटी एकच दिवा उरला, हिरवा, मोहरीएवढा. घराने ऐकलं की घरचा बोर्ड उलट पोच पाठवायचा आणि डब्यावर हा दिवा लागायचा, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तसाच राहायचा. तो काढला तर आणखी दोन दिवसांची वीज वाचेल, असं शेरबानूने दाखवून दिलं. जुणस म्हणजे विजेच्या बाबतीत कवडीचुंबक, पण इथे त्याने मान हलवली.

“हा राहू दे अदी. मी बोललो आणि कुणी ऐकलं की नाही, हे मला कळलं पाहिजे.”

वेळ लक्षात ठेवणारा घड्याळाचा तुकडा त्यांना एकच मिळाला होता. तो होडीवरच्या डब्यात बसला. घरच्या बोर्डाला स्वतःचं घड्याळ नव्हतं; इंटरनेट असलं की तिथून वेळ घ्यायचा, नसलं की जिथे बंद पडला तिथून पुढे मोजत सुटायचा. निघायच्या आदल्या संध्याकाळी जुणस डब्याचं घड्याळ लावत होता. डबा कधी बोलणार, असं हुरबाईने चुलीपाशी बसून विचारलं. नेमकी तेव्हाच मशिदीतून मामद बांगीची बांग सुरू झाली. जुणसने फोनमध्ये बघितलं, सहा वाजून पस्तीस मिनिटं. त्याने तीच वेळ लावली.

“मगरिबच्या बांगेला, अमा.”

हुरबाईला ते आवडलं. खारवांढात वेळ अशी नमाजांवरूनच सांगतात. दुपारच्या जुहरला निघू, असरला पोचू, दिवस बुडाल्यावर मगरिबला जेवायला ये. घड्याळ बघून बोलणारा माणूस तिथे शहरात जाऊन बिघडलेला समजतात.

दुसऱ्या दिवशी जुणस सिद्दीक तांडेलाबरोबर दोन माणसांच्या होडीवर मासेमारीला गेला. नऊ संध्याकाळी डबा बोलला. घरचा बोर्ड विजेवर रात्रंदिवस चालू असल्यामुळे तो नेमका कधी बोलला हे बघायची कुणाला गरज पडली नाही. शेरबानू स्वयंपाक आटोपून यायची, बोर्डाला जोडलेल्या आकड्यांच्या चिमुकल्या पट्टीवर बघायची आणि आईला आकडा सांगायची. सहा. सात. आठ. नऊ.

मग वादळ आलं. ते कसं आलं हे सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी पाहिलं ते सांगत नाहीत. सकाळी खारवांढात विजेचा एकही खांब उभा नव्हता, रस्ता खाडीने गिळला होता आणि घराघरात कमरेएवढं खारं पाणी होतं. मोटारसायकली बुडाल्या, मशिदीची बॅटरी बुडाली, घरातली मोठी बॅटरीही बुडाली. बोर्ड उंच फळीवर होता म्हणून वाचला. त्याच्या शेजारी एक पॉवर बँक होती. तिच्यावर चार ठिपके असतात. त्यातले दोन पेटत होते. पलीकडच्या बंदरातही अंधारच आहे, असा निरोप शेजारच्या हासमने आणला. त्याची होडी तेवढी खाडीच्या आतल्या अंगाला असल्यामुळे टिकली होती. तिचं इंजिन दोरी ओढून सुरू करायचं. बॅटरीचं त्यात नावच नव्हतं.

शेरबानूने एरियल बांबूला बांधून पुन्हा छपरावर चढवलं आणि भावाने शिकवलेली कंजुषी सुरू केली. पोच पाठवण्याएवढं आणि पट्टीवर आकडे दाखवण्याएवढं सोडून घरच्या बोर्डाचं एकूण एक अंग तिने झोपवलं. तरी दोन ठिपके म्हणजे सलग ऐकलं तर जेमतेम सहा तास. जुणसचा डबा चाळीस दिवस बोलणार होता, त्यातले नऊ झाले होते. तो बोलत असताना आपण बहिरं होऊन चालणार नव्हतं. म्हणजे बोर्ड रोज थोडाच वेळ जागवायचा, अगदी डबा बोलतो तेवढ्यापुरता. थेंबे थेंबे तळे साचे, असं तिने स्वतःला सांगितलं.

वेळ मोजायला घरात काही नव्हतं. फोन मेलेले. पण वेळ तर ठरलेलीच होती. मामद बांगी आता कर्ण्याशिवाय, मशिदीच्या गच्चीवर उभा राहून उघड्या गळ्याने बांग द्यायचा. त्याची पहिली हाक आली की शेरबानू तार जोडायची. हुरबाई तिथेच नमाज पढायची, मग जपाची तसबी घ्यायची. तसबीचा शेवटचा मणी सरकला की शेरबानू तार काढायची. एक नमाज आणि एक तसबी. एवढी वीज रोजची, एक मणीही जास्त नाही.

पहिल्या संध्याकाळी, हुरबाईची नमाज चालू असताना पट्टी उजळली. आकडा दहा.

दोघी रडल्या. शेरबानूने जागेचे आकडे वहीत उतरवले आणि धावत हासमकडे गेली. पण समुद्र अजून कुणालाच आत घेत नव्हता. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी काही आलं नाही, आणि त्याच दुपारी सिद्दीक तांडेलाचं प्रेत किनाऱ्याला लागलं. म्हणजे होडीवर जुणस एकटा उरला होता, उरला असलाच तर. ती रात्र दोघींनी कशी काढली ते त्यांनाच माहीत. चौथ्या दिवशी तेरा आला. लाटांच्या आड गेला की आवाज पोचत नाही, एरवी तो ठीक आहे, असं शेरबानूने सगळ्यांना सांगितलं. पाचव्या दिवशी चौदा.

एक गोष्ट दोघींच्या लक्षात आली होती. डबा रोज थोडा थोडा उशिरा बोलत होता. पहिल्या दिवशी नमाजेत आला, मग तसबीच्या सुरुवातीला, आणि पाचव्या दिवशी तर हुरबाईच्या बोटात शेवटचे चार मणी उरले होते.

“दूर चाललाय गं,” हुरबाई म्हणाली. “दुरून यायचं म्हणजे वेळ लागणारच.”

जागेचे आकडेही होडी बाहेर वाहत असल्याचंच सांगत होते. रेडिओला समुद्र ओलांडायला असा वेळ लागत नाही, हे शेरबानूला शिकवलेलं होतं. पण आईचं बोलणं तिला पटलं. डोळ्यांत तेल घालून बसलेल्या माणसाला जे दिसत असतं, त्याचाच तो अर्थ लावतो.

चौदाच्या जागेवर हासम दुसऱ्या सकाळी पोचला, तोवर होडी तिथून वाहून गेली होती. रोजची जागा रोज मिळाली तर गाठता येईल, असं तो परतल्यावर म्हणाला. त्या संध्याकाळी काही आलं नाही. लाटा असतील.

सातव्या संध्याकाळीही तसबी संपत आली. हुरबाईने शेवटचा मणी दोन बोटांत धरून ठेवला, सोडलाच नाही. शेरबानूने तारेला हात घातला.

“थांब जरा,” हुरबाई म्हणाली. “मी आणखी एक तसबी घेते.”

“अमा, रोज एकेक तसबी वाढवली तर वीज निम्म्यातच संपेल. मग तो बोलेल आणि आपणच नसू.”

“आजच्या दिवस.”

“नाही अमा. त्यानेच शिकवलंय मला.”

हुरबाईने मणी सोडला. शेरबानूने तार काढली. तिला वाटलं, आपण भावाशी इमान राखलं. पण त्या दिवसानंतर आईने शेवटचा मणी धरून ठेवला नाही. सरळ सोडायची आणि उठून चुलीपाशी जायची.

आठ, नऊ, दहा. पट्टी काळीच राहिली. दहाव्या दिवशी हासम आला आणि उंबऱ्यातच बसला. इंजिनाचं तेल तळाला गेलं होतं. जागा कळल्याशिवाय एवढ्या मोठ्या पाण्यात कुठे बघायचं, असं त्याने विचारलं. उत्तराची वाट पाहिली नाही. पाच दिवस डबा गप्प आहे म्हणजे डबा बुडाला, आणि डबा डोलकाठीच्या टोकाला होता. पुढचं त्याने बोलून दाखवलं नाही. शेरबानूने त्याला आणखी दोन दिवस मागितले. त्याने दिले, तेही गेले. मग शोध थांबला. बायका बसायला येऊ लागल्या. कुणी रोटले आणले, कुणी छास आणली. हुरबाई म्हणायची, मय्यत दिसल्याशिवाय मी रडणार नाही, सात वर्षांपूर्वीही रडले नव्हते. आणि बांग झाली की शेरबानू त्या बायकांसमोरच तार जोडायची, तसबी संपली की काढायची. आता तिला आशा होती असं नाही. दात घासावेत तसं ती ते करायची.

अठराव्या दिवशी दुपारी खारवांढात वीज आली. पोरं ओरडली, कुठेतरी रेडिओ खरखरला. शेरबानूने फोन लावला, दिवा लावला आणि मग, आता जपायचं काय उरलंय म्हणून, बोर्डही भिंतीतल्या विजेला जोडून टाकला. बांग झाली, कर्ण्यातून, मोठ्याने. हुरबाईची नमाज झाली, तसबी झाली. काढायला तार नव्हती म्हणून शेरबानू तिथेच बसून राहिली. हुरबाई चुलीपाशी गेली, पीठ मळलं, पहिला रोटला तव्यावर टाकला.

आणि पट्टी उजळली.

शेरबानूने आधी फोनवरची वेळ बघितली. का बघितली ते तिला सांगता आलं नसतं. सहा पस्तीस. मग आकडा बघितला.

पंचवीस.

तिने आईला हाक मारली नाही. वहीतली शेवटची नोंद चौदा होती. चौदानंतर अकरा वेळा त्याने बटण दाबलं होतं. रोज एकदा. पाचव्या दिवसानंतर अकरा दिवस, म्हणजे सोळावा; म्हणजे परवा. परवापर्यंत तो होता. काल त्याने बटण दाबलं नव्हतं आणि आजही नाही. ती बोटांवर मोजत राहिली, पुन्हा पुन्हा, कुठेतरी एखादा आकडा चुकला असेल म्हणून. नाही चुकला. मग जागेचे आकडे घेऊन ती अनवाणी हासमकडे पळाली. हासमने ते बघितले आणि कपाळाला हात लावला. होडी खाडीच्या तोंडापाशी चिखलाच्या बेटावर रुतली होती. वारा फिरला तसं पाणीच तिला परत घेऊन आलं होतं. तो दूर गेलाच नव्हता; गेले किती तरी दिवस जवळ जवळ येत होता. पण ओहोटी लागली होती, भरती पहाटे होती. त्याआधी तिथे होडी शिरत नाही.

पहाटे हासम निघाला. शेरबानू मशिदीपाशी गेली. आत न जाता तिने दारातूनच मामदचाचाला नमाजेच्या वेळांचा तक्ता मागितला. भिंतीवरचा पुठ्ठ्याचा तक्ता, वादळात भिजून फुगलेला, म्हाताऱ्याने काढून आणून दिला. तिने मगरिबच्या रकान्यावर बोट ठेवलं. जुणस निघायच्या आदल्या दिवशी सहा पस्तीस. वादळाच्या दिवशी सहा एकोणतीस. पाचव्या दिवशी सहा पंचवीस. सातव्या दिवशी सहा तेवीस. काल सहा सोळा.

“दिवस लहान होत चाललेत ना बेटी,” मामदचाचा म्हणाला. “सूर्य आधी बुडतो, तशी बांग अलीकडे येते. डब्याला काय, त्याला एकदा सांगितलेलं. का, काय झालं?”

काही नाही म्हणून तिने तक्ता परत दिला. तिला हे माहीत नव्हतं थोडंच? रमजानमध्ये तर अख्खं खारवांढ हा रकाना तोंडपाठ करतं, एकेका मिनिटासाठी खजूर हातात धरून बसतं. जुणसलाही माहीत होतं. तरी त्याने मगरिब म्हटलं आणि तिने मगरिब ऐकलं. डबा मात्र रोज सहा पस्तीसला बोलत राहिला, आणि सहाव्या दिवसापासून ती रोज त्याच्या तोंडावर, आधी मिनिटभर, मग आणखी आणखी अगोदर, दार लावून घेत राहिली. सातव्या दिवशी आईने एक तसबी जास्त मागितली होती. ती तसबी संपायच्या आत तो बोलला असता. ती मशिदीच्या पायरीवर बसली.

दुपारी हासमची होडी आली. जुणसला त्यांनी शिडात गुंडाळून आणलं होतं. हलका झाला होता, दोघांनीच उचलला. दोन दिवस झाले असावेत, असं हासम म्हणाला. पाण्याचं पिंप कोरडं होतं. हुरबाईने शीड बाजूला केलं, पोराच्या तोंडावरून हात फिरवला आणि सात वर्षांचं रडणं तेव्हा रडली.

दफन झालं. संध्याकाळ होत आली तेव्हा हासम डबा घेऊन घरी आला, चटईवर ठेवला आणि म्हणाला, मावशी, एक गोष्ट सांगायची राहिली. तो डोलकाठीकडे तोंड करून पडला होता. उशाला काही घेऊन, म्हणजे डबा नीट दिसावा असा. आणि आम्ही पोचलो तेव्हा डब्यावरचा हिरवा दिवा लागलेला होता.

हुरबाईने मान वर केली.

“लागलेला होता?”

“हो. चांगला लागलेला.”

“म्हणजे त्याला कळलं,” हुरबाई म्हणाली. ती शेरबानूकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडा उजेड आला होता. “आपण ऐकतोय हे त्याला कळत होतं. बघत बघत गेलं पोर. हो ना गं?”

दिवा काल सहा पस्तीसला लागला होता. त्याआधी सहाव्या संध्याकाळपासून तो बंद होता, आणि त्या बंद दिव्याकडे बघत जुणस रोज बटण दाबत राहिला होता. हे सांगू शकेल असं खारवांढात एकच माणूस होतं.

“हो अमा,” शेरबानू म्हणाली.

बाहेर कर्णा खरखरला आणि मगरिबची बांग सुरू झाली. हुरबाई हातपाय धुऊन वजू करायला उठली. शेरबानूने डबा मांडीवर घेतला. हिरवा दिवा अजून लागलेला होता, आणि सहा पस्तीसला वीस मिनिटं होती.